संध्याकाळची हजेरी

३ फेब्रुवारी

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, घरातल्या एकाने रोज लिहीत जा. माणूस कसा झोपला, काय खाल्लं, चिडला का, गप्प बसला का. ही म्हणाली, "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

अक्षर चांगलं असणारच. सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. पण पाटीवर दुसऱ्याचं लिहायचं असतं. इथे आपलं लिहायचं म्हणजे कठीण काम, आणि शाळा मी सहावीत सोडलेली. आज अक्षर जरा वेडंवाकडं येतंय. पेन नवीन आहे.

ज्याच्याबद्दल लिहायचं तो हिचा धाकटा भाऊ. तो कवी आहे. उगीच म्हणायचं म्हणून नाही, छापलेलं पुस्तक आहे त्याचं. दारूपायी छापखान्यातली नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती गेलीच, मग खोली गेली. आज केंद्रातून सुटून आमच्याकडे आला. पिशवीत दोन सदरे आणि एक टॉवेल. पन्नाशीला आला तरी ही त्याला धाकल्याच म्हणते. मी इथे कवी म्हणेन. तसा तो वाईट नाही. पण मला काळजी लागली आहे.

४ फेब्रुवारी

हिने परस्पर ठरवून टाकलं की कवी माझ्याबरोबर खाली दुकानात बसेल. मला विचारलंही नाही. दुकानात काय काय असतं याचा तिने विचार केला का? टर्पेंटाइन असतं, पॉलिशचं स्पिरिट असतं. केंद्रात एक जण आफ्टरशेव्ह प्यायला होता असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. म्हणून पहाटे उठून सगळ्या बाटल्या वर आणून लपवल्या. खोकल्याचं औषधही लपवलं.

दुपारी ब्रश धुवायची वेळ आली. बाटल्या कुठे ठेवल्या ते काही केल्या आठवेना. दोन वेळा जिना चढलो आणि उतरलो. शेवटी कवीच म्हणाला, "भावोजी, टर्पेंटाइन पिठाच्या डब्यामागे आहे. मी पिणार नाही, पण ब्रश मरतील."

त्याला कसं कळलं? म्हणजे त्याने शोधलं होतं. ही गोष्ट केंद्रातल्या बाईंना सांगावी का, या विचारात आहे.

(नंतर लिहितो : ही म्हणाली, पिठाला वास मारत होता, आंधळ्यालाही कळलं असतं.)

७ फेब्रुवारी

दुकानातून वर येताना जिन्यात मी त्याच्या अगदी जवळून गेलो, तोंडाचा वास घ्यावा म्हणून. कळलं तर काहीच नाही. आमच्या दोघांच्या अंगाला रंगाचाच वास. पुन्हा एकदा जवळ गेलो तर तो थांबला आणि म्हणाला, "भावोजी, असं चोरून कशाला? रोज संध्याकाळी हजेरी घ्या की." आणि तोंड उघडून माझ्या नाकावर मोठ्याने "हाऽऽ" केलं.

चहाचा वास आला. मी म्हटलं, "हजर."

वरून ही विचारते, "काय चाललंय दोघांचं?" मी सांगितलं, काही नाही, जिन्यात दिवा लावायला हवा.

१२ फेब्रुवारी

समोरच्या न्हाव्याची पाटी पूर्ण केली. मोठी अक्षरं झकास आली. बारीक ओळीत जरा गडबड झाली. न्हावी चष्मा पुसून बघतो आणि म्हणतो, "काका, ही शिरोरेघ आहे की नदी?" मी म्हटलं, हल्लीच्या ब्रशांना केस कुठे असतात. तो म्हणाला, "केस हवे असतील तर माझ्याकडून न्या, पोतंभर पडलेत." तोंडाळ माणूस.

ब्रश खरंच खराब येतात. शिवाय स्टूल डुगडुगतं, आणि त्याच्या दुकानातल्या पंख्याचा वारा सरळ आमच्या दारावर येतो.

ती ओळ पुसून कवीला काढायला दिली. तो कामात राहिलेला बरा. त्याचा हात सकाळच्या वेळी थरथरतो, दारू सुटलेल्यांचा थरथरतो म्हणे. मग मी त्याला टेकूची काठी दिली. या काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला असतो. गोळा पाटीवर टेकवायचा, काठी डाव्या हातात धरायची आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं. हात हलत नाही. माझ्या उस्तादांची काठी आहे ती, मी कुणाला हात लावू देत नाही. पण बिचाऱ्याची दया आली.

ओळ चांगली आली. न्हावी म्हणाला, "आता कसं, भांग पाडल्यासारखं."

जेवताना मी ब्रशांच्या कंपनीला पत्र लिहिण्याबद्दल बोलत होतो. ही ताट वाढता वाढता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." कुणाला म्हणाली कोण जाणे. कवीला म्हणाली असेल तर बरोबर नाही, तो शिकतोय अजून.

१३ फेब्रुवारी

ही कवीला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होती, "शिडीवर चढू देऊ नकोस." मी आत गेलो तर दोघं गप्प झाली. न्हाव्याच्या पोराबद्दल असणार, तो सारखा शिडीशी खेळतो. पण शिडी माझी आहे, मला सांगायला काय हरकत होती?

१६ फेब्रुवारी

आज त्याचं पुस्तक वाचलं. हिच्या कपाटात साड्यांच्या खाली होतं. पानं इतकी हाताळलेली की कडा मऊ पडल्या आहेत.

मला कवितेतलं काय कळतं? मला वाटलं होतं चंद्र, फुलं, झालंच तर देव. इथे तर सगळंच निराळं. फुटपाथवर झोपला तेव्हा कुत्र्याने पांघरूण ओढलं, तेही लिहिलंय. इस्पितळातून बहिणीला फोन करून "जेवलो गं" म्हणाला आणि जेवला नव्हता, हे लिहिलंय. आमच्याकडे यायच्या आधी चौकातल्या नळावर तोंड धुवायचा, पानं चघळायचा, आणि मग बेल वाजवायचा. मला ते दिवस आठवतात. तो आला की मी हिला म्हणायचो, आज बघ, आज तरी घेतलेली दिसत नाही.

त्या पानाचा कोपरा हिने दुमडून ठेवला आहे.

अशा गोष्टी छापतात का? घरचं घरात ठेवावं. पण वाचायला घेतलं ते संपवूनच उठलो. चहा गार झाला.

२० फेब्रुवारी

आज कवीला सरळच विचारलं. म्हटलं, "तू हल्ली लिहीत का नाहीस?"

तो पत्र्याला पॉलिश पेपर मारत होता. म्हणाला, "होत नाही, भावोजी. लोक म्हणतात दारूने मला कविता दिली. खोटं आहे ते. दारूने मला खोटं बोलायला शिकवलं. दिवसभर सगळ्यांशी खोटं बोलायचो. मालकाशी, बायकोशी, ताईशी, दुकानदाराशी. संध्याकाळ झाली की इतकं साठलेलं असायचं की कुठेतरी खरं ओकावं लागायचं. ते कागदावर यायचं, कारण कागद मारत नाही."

"मग आता?"

"आता दिवसभर खरंच बोलतो. केंद्रात तेच शिकवतात. रात्री कागद घेऊन बसलं की सांगायला काही उरलेलंच नसतं." मग हसून म्हणाला, "घरात एक तरी पक्का खोटारडा लागतो, भावोजी. त्याशिवाय कविता होत नाही."

मी म्हटलं, इथे बाबा कुणी खोटं बोलत नाही, साधं घर आहे. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं.

मला मात्र धास्ती वाटते. लिहिता यावं म्हणून पुन्हा प्यायला लागला तर?

२५ फेब्रुवारी

मोठाच घोळ होऊन बसला आहे. चौकातल्या दारूच्या दुकानाचे मालक पाटीचं काम घेऊन आले. त्यांना सगळे शेठ म्हणतात. कवी त्यांचंच गिऱ्हाईक, त्यांच्याच पायरीवर बसायचा. मला नाही म्हणता येत नाही, हा जन्माचा दोष. हो म्हटलं. मग घाम फुटला. कवीने ती पाटी पाहिली आणि जुनं सगळं उसळून आलं तर?

कवी भाजी आणायला गेला होता तेवढ्यात खडूने मजकूर आखून घेतला. वर दुकानाचं नाव, खाली थंड बिअर मिळेल वगैरे चार ओळी. पत्रा भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि वर जुनी चादर टाकली. हिला काही बोललो नाही.

२७ फेब्रुवारी

आज कवी केंद्रात बाईंना भेटायला गेला होता. मी भराभर चादर काढली आणि पत्रा रंगवून मोकळा झालो. काठी कवीच्या खोलीत होती, म्हणून तशीच ओढली अक्षरं.

आमच्या उस्तादांचा एक नियम होता : रंगवताना वाचायचं नाही. खडू जिथे जातो तिथे ब्रश जातो. वाचणारा पुढच्या शब्दाकडे बघतो आणि हातातलं अक्षर बिघडवतो. मी आयुष्यात कधी वाचून रंगवलं नाही. आधी वाचतो, नंतर वाचतो, मधे नाही. आज घाईत नंतरचं वाचायचं राहिलं.

संध्याकाळी कवी परत आला. मला पत्रा झाकायचं भानच राहिलं नाही. तो बराच वेळ पाटीसमोर उभा. मग म्हणाला, "भावोजी, हे तुम्ही रंगवलंत?"

मी वाचलं. दुकानाचं नाव ठीक होतं. खाली बिअर कुठेच नव्हती. खाली असं होतं :

या पायरीवर माझी एक जागा आहे.
मी परत येणार नाही.
जागा कुणाला देऊ नका,
तिथे आता ऊन बसू द्या.

झालं होतं असं की काल त्याला चादरीखाली पत्रा सापडला. त्याने माझ्या ओळी पुसल्या आणि खडूने हे लिहिलं. म्हणाला, "मी पुसणार होतो. सकाळी पुसून पुन्हा तुमचं लिहून ठेवणार होतो, विसरलो. केंद्रातून आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आलं, त्या आनंदात विसरलो."

मी डोकं धरून बसलो. चांगला जाड पत्रा, दोन हात प्रायमर. तो मात्र पाटीवरून बोट फिरवत होता, ओल्या रंगाला न लावता. म्हणाला, "आजवर माझ्या कवितेला कुणी ऑइल पेंट लावला नव्हता." मग जरा वेळाने, "अक्षरं थरथरतायत."

मी म्हटलं, पत्रा खडबडीत आहे.

तो वर गेला. काठी आणून माझ्या स्टुलाला टेकवून ठेवली.

हजेरी घेतली. वेलचीचा वास. केंद्रात चहा चांगला देतात.

२८ फेब्रुवारी

शेठ आले. मला रात्रभर झोप नव्हती. त्यांनी पाटी वाचली. एकदा, दोनदा. मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं.

कवीला म्हणाले, "तुझी जागा खरंच रिकामी आहे रे. एक मांजर बसतं तिथे."

कवी म्हणाला, "उधारीवर?"

दोघंही हसले. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. मग शेठ म्हणाले, "ही लावली तर माझं दुकान बंद पडेल. मला दुसरी करा, बिअरवाली. ही याला द्या." जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "आणि तू येऊ नकोस हां. मांजर चांगलं आहे."

दारूचा धंदा करणाऱ्या माणसाचे डोळे असे ओले होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. धुळीने झाले असतील.

४ मार्च

वाचनालयाचे चिटणीस आले होते. कविसंमेलन ठेवलंय, त्यात कवीने वाचायचं आहे. त्याचं नाव ऐकून लोक येतात म्हणे. हिने त्यांना चहा दिला, वर बिस्किटंही.

कवी म्हणाला, नवीन वाचेन. चिटणिसांचं तोंड पडलं. म्हणाले, "नवीन वाचा की. पण लोकांना तुमचं ते गटारातलं हवं असतं. तो जोर, ती आग. आणि साहेब, थोडीशी घेऊनच या, मागच्या वेळी काय रंग चढला होता."

ही चहाचा कप उचलायला आली होती. चिटणिसांचा कप अर्धा भरलेला होता, तोही उचलून नेला. बिस्किटंही नेली.

ते गेल्यावर मी कवीला म्हटलं, नाही म्हणून टाक. तो म्हणाला, "भावोजी, मी शुद्धीत कधी लोकांसमोर वाचलेलंच नाही. एकदाही नाही. वाचता येतं का, तेच बघायचंय. नाही आलं तर पाट्या आहेतच."

मला काळजीने अन्न जात नाही. ऐन वेळी भीती वाटली आणि त्याने घेतली तर? मग सगळं पहिल्यापासून. या वेळी ही खचेल. वरून दाखवत नाही, पण रोज संध्याकाळी आमची हजेरी होईपर्यंत ती जिन्याच्या वर उभी असते. मला ते आज समजलं.

९ मार्च

कवी सारखं काहीतरी पुटपुटतो आणि माझ्याकडे बघतो. मी विचारलं, काय आहे? म्हणतो, "काही नाही. खोटारडा सापडला."

कोण ते सांगत नाही. न्हावी असेल.

११ मार्च

आज संमेलन. कार्यक्रम पाचला. तीनला कवी घरात नव्हता.

दुकानात नव्हता. न्हाव्याकडे नव्हता. न्हावी म्हणाला, "दाढी करून गेला की, चौकाकडे." चौक म्हटल्यावर मी धावत वर येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही बसा, मी जाते." मी म्हटलं, मी जातो. ती म्हणाली, पडाल. मी कशाला पडेन? दोघंही गेलो.

दारूच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. डोळे मिटून. मांडीवर मांजर. आतली गिऱ्हाईकं त्याच्या अंगावरून ये-जा करत होती.

मी तिथेच ओरडलो, "हजेरी."

त्याने डोळे उघडले, मांजराला बाजूला ठेवलं, उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या नाकावर "हाऽऽ" केलं. नुसता दाढीच्या साबणाचा वास. रांगेतला एक जण म्हणाला, "हे काय आता, आत जाताना तपासणी सुरू केली का, शेठ?"

मी कवीला म्हटलं, "इथे काय करतोस मेल्या?"

"ऊन येतं का बघायला आलो होतो. मी लिहिलं खरं, पण मी इथे नेहमी अंधार पडल्यावरच बसायचो. दिवसा ऊन येतं का नाही, मला ठाऊकच नव्हतं. येत नसतं तर वाचणार नव्हतो."

"मग?"

"येतं. भरपूर येतं."

ही पुढे झाली आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली. मग तिथेच, त्या पायरीवर, पदराने त्याचं तोंड पुसलं. "चल धाकल्या," म्हणाली, "पाटी न्यायचीय."

कारण कविता पत्र्यावर आहे, तेव्हा पत्राच न्यायचा, असं तिचं ठरलं होतं. हातगाडीवर घालून नेला.

सभागृहात सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कवी व्यासपीठावर गेला. आधी कागदावरची एक जुनी कविता काढली. त्याचा हात इतका हलत होता की माइकमध्ये कागदाचा फडफड आवाज सगळ्या सभागृहभर. पुढच्या रांगेत चिटणीस मान हलवत होते, घेऊन आला असता तर. मला उठून पळावंसं वाटलं. कवीने कागद खिशात घातला आणि माइकमधून म्हणाला, "भावोजी, जरा वर या. पाटी धरायची आहे."

मी वर. मरण नुसतं. पाटीची एक बाजू मी धरली, दुसरी त्याने. आणि पत्रा वाजायला लागला. झणझण, झणझण. मला वाटलं त्याचाच हात हलतोय. तेवढ्यात त्याने नाक खाजवायला आपला हात काढला, आणि पत्रा वाजतच राहिला.

लोक हसले. मी म्हटलं, "पंखा आहे," तर ते माइकमध्ये गेलं, आणि लोक आणखी हसले.

त्याने पुन्हा पाटी धरली आणि वाचलं. चारच ओळी. हसणं थांबलं. मग पाटी खाली ठेवली, पण मला जाऊ दिलं नाही. कागद न बघता दुसरी म्हटली. मला सगळी पाठ नाही, आठवते तशी लिहितो :

आमच्या घरात एक हात आहे.
तो म्हणतो ब्रशला केस नाहीत,
तो म्हणतो स्टूल डुगडुगतं, पत्रा खडबडीत आहे.
मी इतकी वर्षं खोटं बोललो,
मला खोटं लांबून ऐकू येतं.
माझा हात हलायचा तेव्हा
या हाताने मला आपली काठी दिली,
आणि स्वतः काठीशिवाय
माझी कविता रंगवली.
वाकडी आली.
तेवढीच सरळ आहे.

सुरुवातीला मी म्हटलं, बिचारा, स्वतःबद्दल सगळं उघड सांगतोय. मग लोक माझ्याकडे का बघतायत ते कळेना. मग कळलं.

राग यायला हवा होता. घरचं घरात ठेवावं, हे मी आधीच लिहिलं आहे. पण समोर ही बसली होती, आणि इतके महिने तिचा चेहरा कुठेतरी अडकवून ठेवल्यासारखा असायचा, तो आज सुटला होता. टाळ्या वाजत होत्या. शेवटच्या रांगेत शेठ उभे होते, दुकान टाकून आले होते. चिटणीस सगळ्यांना सांगत फिरत होते, याला मीच बोलावलं.

घरी जिन्यात कवी थांबला. रोजच्यासारखं "हाऽऽ" केलं. सभागृहातल्या चहाचा वास, साखर जास्त. मी म्हटलं, हजर.

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "आता तुमची."

"माझी कसली?"

"हात पुढे करा, भावोजी."

वर ही उभी होती. जिन्यात आता दिवा आहे, त्यामुळे लपवायलाही जागा नव्हती. हात पुढे केला. तिघांनी मिळून त्याच्याकडे पाहिलं. पानासारखा हलत होता, ना पंखा होता ना स्टूल.

कवी म्हणाला, "हजर."

ही म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जायचंय. त्यांना सांगून ठेवलंय मी." म्हणजे केव्हापासून ठरवलं होतं हिने? धाकल्याला दुकानात बसवलं ते कुणावर लक्ष ठेवायला? विचारणार होतो, पण आमटी उतू जात होती, ती आत पळाली.

आता जेवण झालं आहे. ती दोघं आत डॉक्टरांना काय काय सांगायचं ते ठरवतायत आणि मधेच हसतायत. मी इथे टेबलाशी, मनगट काठीवर टेकवून लिहितो आहे.

पेनबद्दल पहिल्या पानावर लिहिलं ते खरं नाही. पेन चांगलं आहे.